घरातील शारीरिक शिक्षेचे प्रमाण राष्ट्रीय सर्वेक्षणांत कसे मोजतात? दोन फेऱ्यांची तुलना कितपत ग्राह्य धरावी?

शोधिका (मूळ प्रश्न)

नमस्कार. पालक किंवा सांभाळ करणारी माणसे शिस्तीच्या नावाखाली मुलांना जी मारझोड करतात, त्यांना घालून-पाडून बोलतात, त्याचे प्रमाण निरनिराळ्या देशांची राष्ट्रीय सर्वेक्षणे कसे ठरवतात, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांतील १६.२.१ हा निर्देशक याच गोष्टीचा आहे. १ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी किती जणांना गेल्या महिन्याभरात सांभाळ करणाऱ्यांकडून शारीरिक शिक्षा किंवा मानसिक आक्रमकता सोसावी लागली, हे त्यात टक्केवारीने सांगायचे असते.

माझ्यापुढे एका देशाचे दोन अहवाल आहेत. दोन्ही युनिसेफच्या साहाय्याने होणाऱ्या बहुनिर्देशक समूह सर्वेक्षणाचे, म्हणजे सर्वजण ज्याला ‘मिक्स’ म्हणतात त्याचे आहेत. पहिला अहवाल तिसऱ्या फेरीचा असून दुसरा पाचव्या फेरीचा आहे. मधल्या काळात त्या देशाने घरातील शारीरिक शिक्षेवर कायद्याने बंदी घातली आणि दुसऱ्या अहवालातील प्रमाण पहिल्यापेक्षा थोडे कमी दिसते. कायद्यामुळे मारहाण घटली, असा निष्कर्ष यावरून काढावा असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला मात्र ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमक्या शब्दांत मांडताही येत नाही. ज्या घरात मारहाण होते त्याच घरातील मोठ्या माणसाला आपण ती विचारतो आणि त्याच्या उत्तरावर देशाचा आकडा उभा करतो, हा या पद्धतीचा पाया मला मुळातच नाजूक वाटतो. नमुना निवड, प्रश्नावली किंवा प्रत्यक्ष मुलाखतींचे काम केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भारांक

आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी आधी हे प्रश्न कुठून आले ते पाहावे लागेल. ‘मिक्स’ची सुरुवात १९९०च्या दशकाच्या मध्यास झाली, परंतु मुलांच्या शिस्तीविषयीचा विभाग त्यात तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६च्या सुमारास आला. त्याचा आधार म्हणजे समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली पालक-मूल संघर्षाची मोजपट्टी. त्या मोजपट्टीचे मोठे वैशिष्ट्य असे की ती ‘तुम्ही मुलाचा छळ करता का?’ असे विचारत नाही. ती एकेका कृतीचे नाव घेते आणि ती कृती घडली की नाही एवढेच विचारते. छळ कशाला म्हणायचे याविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, पण मुलाच्या गालावर हात उगारला की नाही याला मताची गरज पडत नाही.

‘मिक्स’मध्ये अशा अकरा कृती आहेत. आवडीची गोष्ट बंद करणे किंवा घराबाहेर जाऊ न देणे, वागणे का चुकले ते समजावून सांगणे आणि दुसरे काहीतरी करायला देणे या तीन अहिंसक आहेत. ओरडणे आणि ‘मूर्ख’, ‘आळशी’ अशी नावे ठेवणे या दोन मानसिक आक्रमकतेत मोडतात. उरलेल्या सहा शारीरिक आहेत: गदागदा हलवणे, कुल्ल्यावर हाताने मारणे, हात-पाय-दंडावर फटका देणे, पट्टा किंवा काठीसारख्या कठीण वस्तूने मारणे, तोंडावर, डोक्यावर किंवा कानावर मारणे, आणि जिवाच्या जोराने पुन्हा पुन्हा बडवणे. यांपैकी शेवटच्या दोन ‘तीव्र’ धरतात. शारीरिक आणि मानसिक मिळून आठ कृतींपैकी एकही महिन्याभरात घडली असेल, तर ते मूल ‘हिंसक शिस्त सोसलेले’ म्हणून मोजले जाते.

आता आपल्या दोन फेऱ्यांकडे वळू. तिसऱ्या फेरीत हे प्रश्न २ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल होते, तर पाचव्या फेरीत ते १ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल झाले. एक वर्षाच्या मुलाला मारण्याचे प्रमाण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तुलनेत सहसा कमी असते. म्हणून केवळ ही एक वयोपंक्ती खाली जोडली गेल्यानेही एकूण टक्केवारी थोडी उतरू शकते, आणि प्रत्यक्षात त्या देशातील एकाही घरात काही बदललेले नसते. दुसरा फरक याहून खोल आहे. तिसऱ्या फेरीत उत्तर देणारी व्यक्ती मुलाची आई किंवा मुख्य सांभाळ करणारी होती. चौथ्या फेरीपासून घरातील कोणतीही प्रौढ व्यक्ती उत्तर देऊ शकेल अशी सोय झाली आणि सहाव्या फेरीत हे प्रश्न पुन्हा आई किंवा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीकडे गेले. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला विचारले तर घरात दुपारी काय घडले हे त्याला कसे ठाऊक असणार?

हे फरक बाजूला ठेवले तरी नमुन्याची त्रुटी उरते. हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा, प्रत्येक फेरीत ४,००० मुलांची माहिती मिळाली आणि प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आले. समूह नमुन्यात, म्हणजे आधी वस्त्या निवडून मग त्यांतील घरे घेतात त्या नमुन्यात, एकाच वस्तीतील घरे एकमेकांसारखी असल्यामुळे विचरण, म्हणजे अंदाजाची अनिश्चितता, वाढते. ते दुप्पट झाले असे मानले, तर प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणाऱ्या चढउताराचे माप) सुमारे १ टक्का येते आणि ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याचा भरवसा धरता येतो तो पट्टा, दोन्ही बाजूंना २ टक्के पसरते. दोन फेऱ्यांमधील फरकाचे विश्वासांतर त्याहून रुंद, जवळपास ३ टक्के असते. तेव्हा घट ३ टक्क्यांच्या आत असेल, तर ती घट म्हणण्याइतकीही ठरत नाही. ती त्याहून जास्त असेल, तर संख्याशास्त्र फक्त एवढेच सांगते की दोन मापे वेगळी आली. वेगळे काय झाले, मारहाण, उत्तरे की मोजण्याची रीत, हे त्या सूत्रातून कधीच कळत नाही.

क्षेत्रकार्य

मी अनेक वर्षे घरोघरच्या सर्वेक्षणांसाठी मुलाखतकारांना प्रशिक्षण देण्याचे काम केले आहे. त्यामुळे कागदावरच्या प्रश्नाचे दारात गेल्यावर काय होते, याबद्दल लिहिते.

या विभागाच्या आरंभी एक छोटे निवेदन वाचायचे असते. मुलांना योग्य वर्तन शिकवण्यासाठी किंवा त्यांचे चुकीचे वागणे सुधारण्यासाठी मोठी माणसे वेगवेगळे मार्ग वापरतात, मी काही मार्ग वाचते, तुम्ही किंवा घरातील अन्य कोणी प्रौढाने गेल्या महिन्यात या मुलाच्या बाबतीत तो वापरला का ते सांगा, अशा आशयाचे. हे निवेदन कंटाळा करून गाळणारे मुलाखतकार मी पाहिले आहेत आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. निवेदनाशिवाय तोच प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. यादीचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्या दोन कृती निरुपद्रवी आहेत, मग हलवणे आणि ओरडणे येते, त्यानंतर पुन्हा एक अहिंसक कृती, आणि सर्वांत जबर मारहाण अगदी अखेरीस. आपण मुलाला समजावूनही सांगतो, हे बोलायची संधी आधीच मिळाल्यामुळे पुढची कबुली देणे उत्तरदात्याला तुलनेने सोपे जाते.

‘तुम्ही किंवा घरातील अन्य कोणी’ या शब्दयोजनेने आपल्याला दिलेही आहे आणि आपल्याकडून घेतलेही आहे. स्वतःवर बोट न ठेवता घडलेले सांगता येते, म्हणून लपवाछपवी कमी होते. पण त्याचमुळे मारणारा हात कोणाचा हे कायमचे हरवते. आईने मारले, वडिलांनी, की आजोबांनी, याचा मागमूस या विदेत (गोळा केलेल्या माहितीत) राहत नाही. तरीही अहवालांवर लिहिणारे अनेक जण सर्रास ‘माता मुलांना मारतात’ असे लिहितात, कारण उत्तर देणारी बहुधा माता असते. हे त्या स्त्रियांवर अन्यायकारक आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

एकांताचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. स्त्रियांवरील कौटुंबिक हिंसेचे प्रश्न विचारताना खोलीत दुसरे कोणी असेल तर मुलाखत थांबवायची, असा कडक नियम चांगल्या सर्वेक्षणांत असतो. मुलांच्या शिस्तीचे प्रश्न मात्र त्याच सावधगिरीने विचारले जातातच असे नाही, कारण ते संवेदनशील आहेत असे पुष्कळांना वाटतच नाही. सासू शेजारी बसलेली असताना सून काय उत्तर देईल? ज्याच्याबद्दल विचारले जात आहे ते मूल स्वतः दाराशी उभे असेल, तर?

शोधिका, तुमच्या प्रश्नातील कायदा इथेच आडवा येतो. बंदीपूर्वी एखादी आई ‘हो, दिला एक धपाटा’ असे सहज सांगत असेल. बंदीनंतर, विशेषतः शासकीय ओळखपत्र गळ्यात अडकवलेली व्यक्ती विचारत असताना, तीच आई क्षणभर थांबेल. तिच्या त्या थांबण्याने आकडा उतरतो. प्रबोधनाची मोहीम चांगली झाली असेल तर उलटही घडू शकते. पूर्वी ज्या ओरडण्याकडे कोणी लक्षही दिले नसते, ते आता लोकांच्या ध्यानात राहते आणि सांगितलेही जाते. परिणामी मारहाण घटत असतानाही नोंदलेले प्रमाण जागचे हलत नाही.

बालमानस

माझा मुद्दा ‘हो किंवा नाही’ या स्वरूपाविषयी आहे. ‘मिक्स’च्या विभागात किती वेळा घडले हे विचारत नाहीत. स्ट्रॉस यांच्या मूळ मोजपट्टीत वारंवारता विचारलेली आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात वेळ वाचवण्यासाठी ती सोडली गेली आणि कालावधीही वर्षाऐवजी महिन्याचा केला. महिना निवडण्यामागे कारण आहे, कारण रोजच्या जगण्यातल्या अशा गोष्टी वर्षभर आठवणीत राहत नाहीत. परंतु याची किंमत अशी की महिन्यात एकदाच हातावर फटका बसलेले मूल आणि दररोज मार खाणारे मूल एकाच रकान्यात बसतात.

बालमानसाच्या दृष्टीने ही दोन मुले एकसारखी नाहीत. एखाद्या देशात पालकांनी रोज मारायचे सोडून महिन्यातून एकदा मारायला सुरुवात केली, तर ते त्या मुलांच्या आयुष्यातील फार मोठे परिवर्तन असेल, पण १६.२.१ या निर्देशकात त्याची एका अंशानेही नोंद होणार नाही. उलट, क्वचित मारणाऱ्या पालकांनी ते पूर्ण थांबवले, तर आकडा झपाट्याने उतरेल आणि रोज मार खाणारे मूल होते तिथेच राहील. म्हणून एकत्रित टक्केवारीवर विसंबून धोरणाचे यशापयश ठरवण्यास माझा विरोध आहे.

तीव्रतेच्या वर्गवारीबद्दलही वाचकांनी सावध असावे. वर ‘भारांक’ यांनी लिहिल्याप्रमाणे तोंडावर किंवा कानावर मारणे तीव्र गणले जाते, पण पट्ट्याने किंवा काठीने मारणे तीव्र गणले जात नाही. ते साध्या शारीरिक शिक्षेत जाते. डोक्याला इजा होण्याचा धोका लक्षात घेऊन चेहरा, डोके आणि कान वेगळे काढणे समजू शकते. मात्र एका चापटीने तीव्र गटात गेलेले मूल आणि काठीचे वळ अंगावर असूनही त्या गटाबाहेर राहिलेले मूल, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच ‘तीव्र शारीरिक शिक्षा’ या शीर्षकाखालील आकडा वाचावा. अहवालातील एकत्रित आकड्याऐवजी प्रत्येक कृतीचे स्वतंत्र प्रमाण पाहणे नेहमीच अधिक उपयोगी ठरते.

शेवटी समजुतीचा प्रश्न. त्याच विभागात असेही विचारतात की मूल नीट वाढवायचे तर त्याला शारीरिक शिक्षा द्यावीच लागते, असे तुम्हाला वाटते का? जगभरातील उपलब्ध माहितीनुसार साधारण चारपैकी एक सांभाळ करणारी व्यक्ती याला होकार देते. प्रत्यक्षात शारीरिक शिक्षा सोसणाऱ्या लहान मुलांचे प्रमाण मात्र दहात सहा इतके आहे. म्हणजे मारणे आवश्यक आहे असे न मानणाऱ्या असंख्य घरांतही मुले मार खातात. थकवा, राग, दुसरा मार्ग ठाऊक नसणे, घरातल्या दुसऱ्याच कोणी मारणे, अशी कारणे त्यामागे असणार. या दोन प्रमाणांमधले अंतर मला त्या विभागातील सर्वांत मोलाची माहिती वाटते, कारण पालकांना साहाय्य करणाऱ्या कार्यक्रमांना जागा कुठे आहे हे ते दाखवते.

प्रांजळ

वरील प्रतिसाद वाचून एक साधा प्रश्न पडतो. वय बदलते, उत्तरदाता बदलतो, वारंवारता कळत नाही, मारणारा कळत नाही, लोक खरे सांगतील याची खात्री नाही. मग कोट्यवधी रुपये खर्चून ही सर्वेक्षणे करावीतच कशाला? पोलीस, रुग्णालये आणि बालकल्याण यंत्रणा यांच्या नोंदी आधीपासून असतात. त्या तरी प्रत्यक्ष घडलेल्या घटनांच्या असतात.

भारांक

प्रांजळ, त्या नोंदी प्रत्यक्ष घटनांच्या असतात हे खरे, पण त्या यंत्रणेपर्यंत पोहोचलेल्या घटनांच्या असतात. मुलांच्या शारीरिक छळाविषयी जगभरातील अभ्यासांचे २०१३ साली एक एकत्रित विश्लेषण झाले. त्यात व्यावसायिक किंवा यंत्रणांकडून आलेल्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासांत प्रमाण दर हजारी ३ होते, तर स्वतः व्यक्तींनी सांगितलेल्या अनुभवांवर आधारलेल्या अभ्यासांत ते दर हजारी २२६ होते. दोन्ही प्रकारच्या अभ्यासांतील व्याख्या आणि कालावधी सारखे नाहीत हे मान्य करूनही, ही दरी केवळ व्याख्येने भरून निघणारी नाही. शिवाय यंत्रणेतील नोंदी वाढल्या, तर मारहाण वाढली की लोक तक्रार करू लागले की यंत्रणेला मनुष्यबळ मिळाले, हे ओळखणे सर्वेक्षणापेक्षाही कठीण असते. ज्या देशात बालकल्याण यंत्रणाच नाही, तिथे नोंदींनुसार मारहाण शून्य निघेल. सर्वेक्षणाची उणीव आपल्याला ठाऊक असते आणि ती किती व कोणत्या दिशेने असेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून मी सर्वेक्षणाच्या बाजूने आहे.

उणिवांकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. युनिसेफने २०१७ साली सांगितले की २ ते ४ वर्षांच्या चारपैकी तीन मुलांना, म्हणजे सुमारे ३० कोटी मुलांना, घरात हिंसक शिस्त सोसावी लागते. २०२४ साली त्याच संस्थेने सांगितले की ५ वर्षांखालील दहापैकी सहा मुलांना, म्हणजे जवळपास ४० कोटी मुलांना, ती सोसावी लागते. घाईने वाचणाऱ्याला एकीकडे ७५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आलेली घट दिसेल आणि दुसरीकडे ३० कोटींवरून ४० कोटींवर गेलेली वाढ. हे दोन्ही निष्कर्ष विरुद्ध दिशांना नेतात, आणि इथे दोन्ही निराधार आहेत, कारण दोन वेळी मोजलेल्या मुलांचे वयच वेगळे आहे.

क्षेत्रकार्य

‘लोक खरे सांगतील याची खात्री नाही’ या वाक्यावर थोडे लिहावेसे वाटते. उत्तराची विश्वासार्हता वाढवण्यासाठी काही मार्ग वापरले जातात. उत्तरदात्याला कानाला लावायचे यंत्र देऊन त्याने स्वतःच पडद्यावर उत्तर नोंदवावे, ही एक पद्धत आहे. दुसरी पद्धत यादीची: अर्ध्या लोकांना चार निरुपद्रवी विधाने देतात आणि यांपैकी किती तुम्हाला लागू आहेत एवढी संख्या विचारतात; उरलेल्या अर्ध्यांना तीच चार आणि पाचवे मारण्याविषयीचे विधान देतात. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरकातून मारणाऱ्यांचे प्रमाण निघते आणि कोणाही एका व्यक्तीचे गुपित उघड होत नाही. मात्र त्रुटी बरीच वाढते, त्यामुळे त्यासाठी नमुना खूप मोठा लागतो, आणि अशा माहितीतून कोणत्या घरातील कोणते मूल हे कळत नसल्याने पुढचे विश्लेषणही मर्यादित राहते.

मुलांना स्वतःलाच विचारणारी सर्वेक्षणेही आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने मुले व तरुणांवरील हिंसेची जी राष्ट्रीय सर्वेक्षणे होतात, त्यांतील पहिले २००७ साली तेव्हाच्या स्वाझीलंडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीमध्ये झाले. त्यांत १३ ते २४ वर्षे वयाच्या व्यक्तींची मुलाखत एकांतात घेतात. मुलगे आणि मुली यांची निवड वेगवेगळ्या वस्त्यांतून करतात, म्हणजे एकाच वस्तीत पीडित आणि पीडा देणारा असे दोघेही मुलाखतीत येण्याची शक्यता कमी होते. मुलाखतीत कोणी मदत मागितली तर ती देणारी व्यवस्था आधीपासून तयार ठेवावी लागते. ती व्यवस्था उभी करता येत नसेल, तर माझ्या मते मुलांना हे प्रश्न विचारूच नयेत. आकड्याची गरज कितीही मोठी असली तरी एखाद्या मुलाने विश्वासाने सांगितलेले ऐकून घ्यायचे आणि वही मिटून पुढच्या घरी जायचे, याचे समर्थन होऊ शकत नाही.

शोधिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अडचण नेमकी कुठे आहे हे आता मला शब्दांत मांडता येईल. दोन्ही फेऱ्यांची मूळ विदा मिळवण्याची परवानगी मला मिळाली आहे. त्यावरून तीन गोष्टी विचारते. पाचव्या फेरीतील एक वर्षाची मुले वगळून २ ते १४ वयोगटासाठी प्रमाण पुन्हा काढले तर चालेल का? उत्तरदाता आई असेल तीच घरे घेऊन तुलना करता येईल का? आणि निर्देशक १७ वर्षांपर्यंत असताना विदा १४ वर्षांपर्यंतच आहे, याबद्दल काय लिहावे?

भारांक

पहिले अवश्य करा, फक्त भारांकाकडे, म्हणजे नमुन्यातील एक मूल लोकसंख्येतील किती मुलांच्या वतीने मोजायचे त्या संख्येकडे, लक्ष द्या. त्या फेरीत प्रत्येक घरातून १ ते १७ वयाचे एकच मूल यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असते आणि ते १ ते १४ वयाचे असेल तरच शिस्तीचे प्रश्न विचारतात. घरात चार मुले असतील तर कोणत्याही एका मुलाची निवड होण्याची शक्यता पाव होते, म्हणून त्या निवडलेल्या मुलाचा भारांक घराच्या भारांकाच्या चौपट धरावा लागतो. हे न केल्यास मोठ्या कुटुंबांतील मुलांचे प्रतिनिधित्व घटते. आपण एक वर्षाची मुले विश्लेषणातून काढली तरी हा गुणक (वरच्या उदाहरणातील चार) बदलायचा नाही. तो निवडीच्या वेळी पात्र असलेल्या १ ते १७ वयाच्या सर्व मुलांच्या संख्येवरच ठरतो, कारण निवड त्या सर्वांतून झाली होती. इथे २ ते १४ वयाची मुले मोजून गुणक लावणारे विश्लेषण मी पाहिले आहे आणि ज्या घरांत एक वर्षाचे किंवा १५ ते १७ वयाचे मूल आहे ती घरे त्यात अकारण हलकी होतात. पुढे कधी सहावी फेरी घेतली तर हिशेब पुन्हा बदलतो. तिथे ५ वर्षांखालील सर्व मुलांची माहिती घेतात आणि ५ ते १७ वयोगटातून मात्र एकच मूल निवडतात, त्यामुळे दोन गटांना आपापले भारांक लावून मगच ते एकत्र करावे लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे नाराज करणारे आहे. घरातील व्यक्तींच्या यादीत उत्तरदात्याचा आणि मुलाच्या आईचा अनुक्रमांक असतो, तो जुळवून अशी घरे वेगळी काढता येतात. पण आई घरी होती आणि तिनेच उत्तर दिले, अशी घरे इतर घरांपेक्षा वेगळी असणारच: आईचे बाहेरचे काम, कुटुंबाचा आकार, मुलाचे वय, सगळेच वेगळे. म्हणून तो मुख्य निष्कर्ष न करता पडताळणी म्हणून द्या. सर्व घरे घेतल्यावर आणि केवळ आईने उत्तर दिलेली घरे घेतल्यावर घटीची दिशा तीच राहते का, एवढेच त्यातून पाहा.

तिसऱ्याबाबत स्पष्ट लिहा की १५ ते १७ वर्षांच्या मुलांबद्दल या स्रोतात माहिती नाही. १४ वर्षांपर्यंतचा आकडा पुढच्या वयांना लागू धरू नका. त्या वयात मारणे कमी होऊन अपमानास्पद बोलणे तसेच राहण्याची शक्यता आहे. अनाथालयांतील, वसतिगृहांतील आणि रस्त्यावर राहणारी मुले घरांच्या नमुन्यात येतच नाहीत, हेही तिथेच नमूद करावे.

बालमानस

कायद्याच्या परिणामाबद्दल एक भर घालतो. स्वीडनने १९७९ साली घरातील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. आज अशा देशांची संख्या ६० हून अधिक आहे. स्वीडनमध्ये मारण्याला असलेला लोकांचा पाठिंबा कायदा येण्याच्या आधीपासूनच घसरत होता. कायद्यासोबत मोठी जनजागृतीही झाली, अगदी दुधाच्या खोक्यांवर माहिती छापण्यापर्यंत. आधीचा उतार, कायदा आणि जनजागृती यांतील प्रत्येकाचा वाटा नंतर मोजलेल्या दोन बिंदूंवरून वेगळा करणे शक्य नाही. शोधिका, तुमच्याकडे तर दोनच बिंदू आहेत आणि त्यांतील एक कायद्यापूर्वीचा. कायद्यापूर्वी प्रमाण कोणत्या दिशेने चालले होते हे कळण्यासाठी निदान आणखी एक बिंदू लागेल. त्या देशात चौथ्या फेरीचे सर्वेक्षण झाले असेल आणि ते कायद्याच्या आधीचे असेल, तर ते अवश्य मिळवा. तिथे वयोगट अजून २ ते १४ होता, पण उत्तरदाता बदललेला असेल हे ध्यानात ठेवा.

आणि कृतीनिहाय तक्ता कराल तेव्हा ओरडण्याचा रकाना मारण्याच्या रकान्याशेजारी ठेवा. कायद्याने मारणे गुन्हा किंवा निषिद्ध ठरते, ओरडणे बहुधा ठरत नाही. मारण्याची नोंद उतरलेली असेल आणि ओरडण्याची जिथल्या तिथे असेल, तर लोक फक्त निषिद्ध गोष्ट लपवत आहेत, किंवा खरोखर मारण्याऐवजी ओरडू लागले आहेत, या दोन्ही शक्यता उरतात. दोन्ही उतरल्या असतील, तर कायद्याच्या भीतीने लपवणे हे स्पष्टीकरण थोडे दुबळे होते. तीव्र मारहाणीचा रकाना मी सर्वांत आधी पाहीन, कारण लपवण्याची प्रवृत्ती तिथे कायद्यापूर्वीही होतीच आणि दोन्ही फेऱ्यांत ती तुलनेने सारखी असण्याची शक्यता अधिक आहे.

शोधिका

चौथ्या फेरीचे सर्वेक्षण झालेले आहे आणि ते कायद्याच्या दोन वर्षे आधीचे आहे. कृतीनिहाय तक्ता तिन्ही फेऱ्यांसाठी, २ ते १४ वयोगटात, विश्वासांतरांसह तयार करते आणि मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी तो इथेच मांडते.